पाळण्याचा जमाखर्च

घरात बाळ येणार अशी वार्ता कळली की खरेदीची यादी सुरू होते. पूर्वी या यादीत कुंची, झबली, दुपटी आणि गुटीसाठी सहाण एवढेच जिन्नस असत. पाळणा बहुधा माळ्यावरून खाली काढला जाई, नाहीतर आत्या-मावशीच्या घरून येई. आता त्या यादीत एक नवी वस्तू दाखल झाली आहे. बाळ रडू लागताच आपोआप हलणारा, रडणे वाढले तर झोका वाढविणारा आणि आईवडिलांच्या मोबाइलला जोडलेला हा ‘स्मार्ट’ पाळणा आहे. त्याचा उगम अमेरिकेतला. परंतु त्याच्या साध्या आणि स्वस्त आवृत्त्या आता आपल्याकडील दुकानांतही मांडलेल्या दिसतात. परदेशी लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आजी-आजोबांना ‘भेट द्यायची तर हाच पाळणा द्या’ असे सुचविले जाते आणि किंमत ऐकताच घरात दोन पक्ष पडतात. एकाला ती शुद्ध चैन वाटते, दुसऱ्याला अत्यंत निकडीची गरज. कोणत्याही पक्षाला जाऊन मिळण्यापूर्वी ही वस्तू नेमके काय करते, काय करू शकत नाही आणि तिच्यासाठी किती पैसे मोजणे रास्त आहे, हे तपासून पाहावे.

झोक्याचा गुण

झोक्याने बाळ शांत होते हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. साडीची झोळी, कडीला टांगलेला लाकडी पाळणा, स्वयंपाक करता करता ओढायची पाळण्याची दोरी, ही सगळी त्याच अनुभवाची साधने. पंचकल्याणक पूजेत जन्मकल्याणकाच्या दिवशी बालतीर्थंकरांचा पाळणा हलविण्याचा मान मिळावा म्हणून घरोघरची माणसे उत्सुक असतात, इतका हा झोका आपल्या परिचयाचा आहे.

त्यामागील कारणाचा शोध जपानमधील ‘रिकेन’ या संशोधन संस्थेत घेतला गेला. २०१३ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले की सहा महिन्यांच्या आतील बाळाला कडेवर घेऊन आई चालू लागली की त्याचे रडणे आणि हातपाय झाडणे कमी होते, हृदयाचे ठोकेही मंदावतात. आई नुसती बसून राहिली तर तेवढा परिणाम दिसत नाही. त्याच चमूने २०२२ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगितली. रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटे घेऊन चालावे आणि ते झोपल्यावर लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे. म्हणजे खाली ठेवताना ते जागे होण्याची शक्यता कमी होते. ‘झोप मुरू दे, मग ठेव’ असे सांगणाऱ्या आजीचेच हे म्हणणे. या उपायाला एक पैसाही लागत नाही. मात्र त्याला जागे असलेले एक माणूस लागते, आणि नव्या पाळण्याची बाजारपेठ नेमकी येथेच उभी राहिली आहे.

यंत्र काय करते

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पाळणा म्हणजे ‘स्नू’. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. हार्वी कार्प यांनी रचनाकार इव्ह बेहार यांच्या साहाय्याने तो सिद्ध केला आणि २०१६ साली तो बाजारात आला. बाळाला अंगासरशी गुंडाळणे, झुलविणे आणि कानाशी ‘शूऽऽ’ असा अखंड आवाज करणे हे डॉ. कार्प यांच्या पद्धतीतले उपाय. त्यांतील बराच भाग या यंत्राकडे सोपविला आहे. बाळाला एका विशिष्ट झबल्यात गुंडाळून ते झबले पाळण्याच्या दोन्ही कडांना अडकविले जाते, त्यामुळे बाळ उताणेच राहते. रडण्याचा आवाज टिपला गेला की झोका आणि आवाज पायरीपायरीने वाढतो, बाळ शांत झाले की उतरतो. काही मिनिटांत रडणे थांबले नाही तर यंत्र स्वतःच थांबते. बाळाला भूक लागली असेल, ओले झाले असेल किंवा काही दुखत असेल, आता माणसाने उठावे, असा त्याचा अर्थ.

हा पाळणा अमेरिकेत जन्मावा यालाही कारण आहे. तेथील १९९३ च्या केंद्रीय कायद्याने पात्र नोकरदारांना मिळते ती बारा आठवड्यांची रजा, आणि तीही बिनपगारी. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तेथे बाळ दोन-अडीच महिन्यांचे होते न होते तोच अनेक आया कामावर परततात, हाताशी सासू नसते, आई नसते. तेथील काही कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना हा पाळणा भाड्याने मिळवून देतात, यावरून त्या निकडीची कल्पना यावी. म्हणून परदेशातील मुलांनी असा पाळणा मागितला तर ‘आमच्या वेळी नव्हते हे काही’ असे उत्तर देण्यापूर्वी, आमच्या वेळी घरात किती माणसे होती, हे मोजून पाहावे.

झोक्याआधी अंथरूण

पाळणा निवडताना पहिला प्रश्न झोक्याचा नसून अंथरुणाचा असतो. पाठीवर झोपविलेल्या तान्ह्या बाळांत झोपेतील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत १९९४ पासून त्यासाठी मोहीम चालविली गेली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारलेल्या सूचना थोडक्यात अशा : बाळ उताणे, पृष्ठभाग सपाट आणि घट्ट, आसपास उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणे यांपैकी काहीही नाही, आणि निदान पहिले सहा महिने बाळाची जागा आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र.

या सूचनांच्या कसोटीवर आपल्याही काही सवयी तपासाव्या लागतात. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, दोन्ही बाजूंना लावलेले छोटे लोड, झोळीत वाकून हनुवटी छातीला टेकलेले बाळ, या गोष्टी प्रेमापोटीच केल्या जातात. पण तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग अगदी अरुंद असतो आणि मान सावरण्याचे बळ त्याच्यात नसते. मान पुढे झुकली तर श्वास अडू शकतो.

महागडी आणि नामांकित वस्तूही या बाबतीत चुकू शकते. फिशर-प्राइस कंपनीचा ‘रॉक अँड प्ले’ हा तिरप्या बैठकीचा पाळणा दहा वर्षे विकला जात होता. तीसहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख पाळणे परत बोलविण्यात आले. पुढे २०२२ च्या कायद्याने दहा अंशांपेक्षा अधिक उतार असलेल्या झोपण्याच्या साधनांवर अमेरिकेत बंदी आली. परदेशातील ओळखीच्या घरातून जुना पाळणा येणार असेल तर त्याचे नाव आणि प्रतिमान परत बोलविलेल्या वस्तूंच्या यादीत नाही ना, एवढे पाहायलाच हवे.

‘स्नू’ला मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. ती बाळाला उताणे ठेवण्याच्या कामापुरती आहे. आकस्मिक मृत्यू टळतो, अशी हमी तिच्यात नाही. जाहिरात वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आवाजाचीही मर्यादा असते. २०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळांना झोपविण्यासाठी आवाज करणारी चौदा यंत्रे तपासली गेली. पूर्ण आवाजात आणि सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावरून त्यांतील तीन यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला. कारखान्यातील कामगाराच्या कानांनाही दीर्घ काळ घातक ठरावा, असा हा आवाज. म्हणून आवाज करणारे यंत्र दूर ठेवावे आणि आवाज मंद असावा.

पैशाचा हिशेब

‘स्नू’ बाजारात आला तेव्हा त्याची किंमत १,१६० डॉलर होती. पुढे ती १,६९५ डॉलरपर्यंत गेली. तो सहा महिन्यांपर्यंत, किंवा बाळ हात आणि गुडघे टेकून उठू लागेपर्यंतच वापरायचा असतो. म्हणजे फार तर १८० रात्री. एका रात्रीला सुमारे साडेनऊ डॉलर पडले. बाळ लवकर उठू लागले आणि चारच महिने वापर झाला, तर हाच खर्च चौदा डॉलरवर जातो. वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या वापराचा हा दर पाहणे अधिक उपयोगाचे.

इतक्या अल्प मुदतीच्या गरजेसाठी भाड्याचा मार्ग आधी विचारात घ्यावा. उत्पादक कंपनी तो दरमहा भाड्याने देते. एका महिन्याच्या भाड्यात बाळाला तो मानवतो की नाही हेही कळते. काही बाळांना गुंडाळून घेणेच आवडत नाही. विकत घेऊन पुढे विकायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट गृहीत धरावी. जुलै २०२४ पासून या पाळण्याच्या मोबाइलवरील काही सोयींसाठी सुमारे वीस डॉलर मासिक वर्गणी सुरू झाली. नवा पाळणा घेणाऱ्यांना काही महिने त्या विनामूल्य मिळतात. जुना घेणाऱ्याला मात्र पैसे मोजावे लागतात. साहजिकच जुन्या पाळण्याला येणारी किंमत त्या मानाने कमी होते. लाकडी पाळणा तीन पिढ्या फिरत असे, त्याला वर्गणी नव्हती. यंत्राबरोबर चालू राहणारा खर्चही घरात येतो, हे नव्या खरेदीत विसरले जाते.

आपल्याकडे ‘विनाव्याज हप्ते’ हे मोठे आकर्षण असते. समजा, एक पाळणा चार हजारांच्या सहा हप्त्यांत, म्हणजे २४,००० रुपयांना मिळतो आणि रोखीने घेतल्यास दुकानदार तोच २२,५०० रुपयांना देतो. मधले १,५०० रुपये हेच व्याज. त्याचे नाव तेवढे बदलले. कार्डावरील हप्त्यांत व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही लागते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट केले होते. दुकानात ‘रोखीचा अखेरचा भाव काय?’ एवढा एक प्रश्न विचारला की खरी किंमत कळते.

आपल्याकडील विजेवरचे पाळणे बहुतांशी साधे, ठरावीक गतीने हलणारे असतात. ते घेताना पुढील गोष्टी हाताने तपासाव्यात : तळ सपाट आहे का आणि गादी दाबली असता खोलवर दबत नाही ना, झोका थांबवून पाळणा घट्ट अडकविता येतो का, कडा पुरेशा उंच आणि हवा खेळती राहील अशा आहेत का, मच्छरदाणी ताणलेली राहते की बाळाच्या तोंडावर येते, चिमणाळे आणि विजेची तार बाळाच्या हातापासून लांब आहे का, वीज गेली तर पाळणा हाताने हलविता येतो का. मोटारीची हमी किती महिन्यांची आणि दुरुस्ती आपल्या गावी होते की नाही, हे बिलावर लिहून घ्यावे.

रात्रीची वाटणी

या साऱ्यानंतरही एक प्रश्न उरतो आणि तोच मुख्य आहे. नवजात बाळ दिवसाकाठी चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर ते ओसरू लागते. कोणताही पाळणा दूध पाजीत नाही, ढेकर काढीत नाही, लंगोट बदलीत नाही. म्हणजे उत्तमातील उत्तम यंत्र विकत घेतले तरी रात्री कोणीतरी उठणारच. फक्त उठण्याच्या काही खेपा कमी होतील.

त्या खेपा एकट्या बाळंतिणीच्या वाट्याला येत असतील तर पाळण्यावर खर्च करण्यापूर्वी घरातील वाटणी बदलावी. दूध पाजून झाले की बाळ वडिलांनी खांद्यावर घ्यावे, पहाटेची पाळी आजीने किंवा आजोबांनी सांभाळावी आणि आईला दिवसाकाठी सलग चार-पाच तास झोप मिळेल असे पाहावे. ही झोप चैनीची बाब नाही. बाळ शांत झोपले असतानाही आईला झोप येत नसेल, ती सतत रडत असेल, बाळाविषयी तिला काहीच वाटेनासे झाले असेल, किंवा तिच्या मनात स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याला पाळणा हा उपाय नाही. विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि घरात तो सर्वांत आधी ध्यानात येऊ शकतो तो रात्री सोबत जागणाऱ्या माणसाला.

ज्या घरात दोघांखेरीज तिसरे माणूस नाही, आईला लवकर कामावर परतायचे आहे, जुळी बाळे आहेत किंवा आधीच कोणाची तब्येत नाजूक आहे, तेथे सपाट आणि सुरक्षित असा हलणारा पाळणा काही महिन्यांसाठी भाड्याने घेणे पूर्णपणे समर्थनीय आहे. वडीलधाऱ्यांनी तो खर्च आनंदाने उचलावा. ज्या घरात चार हात मोकळे आहेत, तेथे साधा, घट्ट गादीचा पाळणा पुरे. उरलेली रक्कम बाळाच्या नावे ठेवीत टाकावी आणि आजी-आजोबांनी रात्रीची एक पाळी आपल्याकडे घ्यावी. तेथे भेट म्हणून तेवढे पुष्कळ आहे.