विश्लेषण : काम आयटी कंपनीला दिले, मग जबाबदारी कोणाची?

जुलै २०१७. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा संपून बरेच आठवडे उलटले होते, पण निकाल लागत नव्हते. कोणाचा परदेशातील प्रवेश लटकला होता, कोणाकडे नोकरीसाठी गुणपत्रिका मागितली जात होती, तर कोणाला पुढच्या अभ्यासक्रमाचा अर्जच भरता येत नव्हता. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची यंत्रणा उभारण्याचे काम विद्यापीठाने मेरिटट्रॅक या बाहेरच्या कंपनीला दिले होते. चूक कंपनीची की विद्यापीठाची, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले.

काम बाहेर देता येते, पण लोक जाब विचारायला येतात ते काम देणाऱ्याच्या दारात. हा प्रश्न आता फक्त विद्यापीठांचा किंवा मंत्रालयाचा राहिलेला नाही. पतसंस्था अ‍ॅप बनवून घेते, शाळा फीसाठी पोर्टल घेते, रुग्णालय नोंदी ऑनलाइन करते. यातले बहुतेक काम बाहेरचेच कोणी तरी करत असते.

बाहेरचे तज्ज्ञ लागतातच का?

लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या पतसंस्थेला मोबाइल अ‍ॅप हवे असेल, तर अ‍ॅप लिहिणारा, सर्व्हर सांभाळणारा, डिझाइन करणारा आणि सुरक्षा तपासणारा अशी चार-पाच वेगवेगळी माणसे लागतात. प्रत्येकाचे काम काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. त्यांना कायम नोकरीवर ठेवले, तर अ‍ॅप तयार झाल्यावर त्यांनी करायचे काय? शिवाय चांगला इंजिनीअर हिंजवडीतला पगार सोडून पतसंस्थेत किती दिवस टिकेल, हेही उघड आहे.

दुसरा फायदा अनुभवाचा. ज्याने असे दहा प्रकल्प केले आहेत, त्याला पैसे खात्यातून गेले पण पावती निघाली नाही असे कधी होते आणि तेव्हा काय करायचे, हे आधीच ठाऊक असते. नवख्याला ते ग्राहकांच्या तक्रारींतून शिकावे लागते.

काही कामे तर बाहेरच्यानेच करावीत. सुरक्षेची तपासणी हे त्यातले पहिले. ज्याने कोड लिहिला, त्यानेच त्यातली भोके शोधावीत अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे विद्यार्थ्यालाच स्वतःचा पेपर तपासायला देण्यासारखे आहे. केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था अशा तपासणीसाठी लेखापरीक्षकांची यादी ठेवते, ती याचसाठी.

पासपोर्टचे काम का जमले?

ज्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत पासपोर्ट काढला, त्यांना ए, बी आणि सी हे तीन काउंटर आठवतील. ए काउंटरवर कागदपत्रे स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. तिथे बसलेले कर्मचारी टीसीएस कंपनीचे असतात. बी काउंटरवर कागदपत्रे पडताळली जातात आणि सी काउंटरवर पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरते. या दोन्ही ठिकाणी सरकारी कर्मचारी आणि अधिकारी असतात. अर्जदाराला हे तीन टप्पे एकसारखेच वाटतात, पण बाहेरच्या कंपनीची हद्द कुठे संपते याची रेघ ए आणि बीच्या मध्ये ओढलेली आहे.

परराष्ट्र मंत्रालयाने टीसीएसशी करार केला २००८ मध्ये. त्याआधी कामाची पद्धत कशी बदलायची, याचा स्वतंत्र अभ्यास झाला होता. २०१० मध्ये बंगळूरु आणि चंडीगड या दोन भागांत प्रायोगिक केंद्रे सुरू झाली. सॉफ्टवेअर तपासण्याचे कामही कंपनीवर सोडले नव्हते. सरकारच्याच ‘एसटीक्यूसी’ या तपासणी यंत्रणेने ते केले. त्यात वेळ गेला. प्रकल्प ठरल्यापेक्षा उशिरा पूर्ण झाला आणि सगळी ७७ केंद्रे सुरू व्हायला २०१२ चा जून उजाडला. त्या उशिराबद्दल तेव्हा टीकाही झाली. आज तो उशीर कोणाला आठवत नाही.

कंपनीचा मोबदला सेवेच्या दर्जाशी बांधलेला होता आणि नागरिकांच्या माहितीची मालकी मंत्रालयाकडे ठेवली होती, हेही महत्त्वाचे. २०२२ मध्ये पुढच्या टप्प्याचे काम पुन्हा टीसीएसलाच मिळाले. इतकी वर्षे एकच कंपनी असणे चांगले की वाईट, यावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण रेघ आधी ओढलेली असल्याने ती चर्चा करायला तरी जागा आहे.

मग मुंबई विद्यापीठात काय बिघडले?

पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणे ही कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकीच्या परीक्षांसाठी विद्यापीठ ही पद्धत आधीपासून वापरत होते. गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत, गुणांची बेरीज चुकत नाही, कोणाचा पेपर कोणाकडे गेला हे कळत नाही. सगळे पटण्यासारखे.

अडचण वेळेची आणि आकाराची होती. २०१७ च्या उन्हाळी सत्रात एकदम सर्व शाखांसाठी ही पद्धत लागू झाली. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. आणि कंपनी निश्चित झाली ती परीक्षा सुरू झालेल्या असताना. राज्याच्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचे असतात. म्हणजे स्कॅनिंग, बारकोड, हजारो प्राध्यापकांचे लॉगिन, त्यांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष तपासणी हे सगळे त्याच दिवसांत बसवायचे होते. विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा. वर्षानुवर्षे लाल पेनाने पेपर तपासलेल्या प्राध्यापकांना पहिला सराव मिळाला तो थेट विद्यार्थ्यांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांवर.

कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही पाळता आली नाही. शेवटचे निकाल लागायला सप्टेंबर उजाडला. उत्तरपत्रिका सापडत नसल्याच्या, अदलाबदल झाल्याच्या तक्रारी त्यानंतरही सुरू राहिल्या.

इथे कंपनीला मोकळे सोडायचे कारण नाही. पण एखाद्या शाखेवर एक सत्र प्रयोग करून पाहू, ते जमले तर पुढच्या वर्षी आणखी दोन शाखा घेऊ, हा निर्णय कोणतीही कंपनी ग्राहकाच्या वतीने घेत नाही. तिला काम हवे असते. ‘इतक्या दिवसांत एवढे होणार नाही’ असे सांगणारा जाणकार माणूस विद्यापीठाच्या बाजूने, निर्णयाच्या खोलीत असायला हवा होता. असला तरी त्याचे ऐकले गेले नाही, असेच घटनाक्रमावरून म्हणावे लागते.

मोठी कंपनी नेमली की धोका टळतो का?

प्राप्तिकर विभागाचे नवे पोर्टल आठवावे. त्याचे काम इन्फोसिसकडे होते. २०१९ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले. विवरणपत्र हाताळण्याचा कालावधी ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणण्याचे उद्दिष्ट होते. ७ जून २०२१ रोजी पोर्टल सुरू झाले आणि पहिल्याच दिवसापासून तक्रारींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर इन्फोसिस आणि नंदन निलेकणी यांना उद्देशून जाहीर नाराजी व्यक्त केली. ऑगस्टमध्ये पोर्टल सलग दोन दिवस बंद पडल्यावर कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना बोलावून घेतले आणि १५ सप्टेंबरची मुदत दिली. विवरणपत्राची तारीख त्या वर्षी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली.

देशातील बड्या कंपन्यांपैकी एक, पुरेसे पैसे आणि दोन वर्षांहून अधिक वेळ. तरीही असे झाले, कारण जुने पोर्टल बंद करून नवे एका दिवसात सर्वांसाठी उघडले गेले. थोड्या करदात्यांना आधी नव्यावर आणून पाहिले असते, तर हेच दोष कमी लोकांना त्रास देऊन सापडले असते.

आता थोडे कंपन्यांच्या बाजूनेही. आयटीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, ग्राहकाला काय हवे हे ग्राहकालाच सांगता येत नाही, ही त्यांची पहिली तक्रार असते. ‘आधी करून दाखवा, मग सांगतो’ असे म्हटले जाते. मंजुरी देणारा अधिकारी मध्येच बदलतो आणि नव्याला सगळे नव्याने हवे असते. मग प्रत्येक बदलासाठी ‘चेंज रिक्वेस्ट’ निघते, तिचे वेगळे बिल लागते आणि सर्वांत कमी दराने घेतलेले काम शेवटी महागात पडते. या तक्रारीत तथ्य आहे.

पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपले झाले?

नाही. बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी मालकाकडे जाते. पण बाहेरची कंपनी किंवा फ्रीलान्सर हा तुमचा कर्मचारी नसतो. त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच, मग बिल पूर्ण चुकते केलेले असो. (सरकारी कामांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे.) मालकी हवी असेल तर तसे लेखी हस्तांतर, सहीसह, घ्यावे लागते. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ नुसार ते हस्तांतर पाचच वर्षांचे मानले जाते.

लाखभर रुपयांच्या अ‍ॅपसाठी दोन पानांचे कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘ओके सर’ एवढाच कागद असलेल्या संस्थांनी हे कलम एकदा वाचायला हवे.

आपला ठेकेदार पुढे कोणावर अवलंबून आहे?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार अचानक थांबले. या बँकांवर थेट हल्ला झालेला नव्हता. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरल्याचा संशय होता, म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ती यंत्रणा तात्पुरती तोडली. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण गावातल्या बँकेच्या काउंटरवर जाब विचारणाऱ्या ग्राहकाला सी-एज हे नाव कुठे ठाऊक होते?

लहान बँकांना स्वतःची यंत्रणा उभारणे परवडत नाही, त्यामुळे अनेक बँका एकाच कंपनीकडे जातात. स्वस्त पडते, आणि धोकाही एकाच ठिकाणी जमा होतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेर देण्याबाबत सविस्तर निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिल्याने बँकेची ग्राहकांप्रति जबाबदारी कमी होत नाही, हा त्यांचा गाभा. त्यात ठेकेदाराच्या पुढच्या ठेकेदारांचाही विचार आहे आणि करारातून बाहेर पडायची योजना आधीच तयार ठेवायला सांगितले आहे. मात्र सर्वांत लहान, म्हणजे पहिल्या दोन स्तरांतल्या नागरी सहकारी बँका या निर्देशांच्या कक्षेबाहेर आहेत. तोटा झेपण्याची ताकद ज्यांच्याकडे सर्वांत कमी, त्यांनाच सूट, हे काही पटत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही त्याच वळणाचा आहे. लोकांची माहिती बाहेरच्या कंपनीने हाताळली, तरी कायद्यापुढे उत्तर द्यायचे ते माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने. करारात उलट काही लिहिले असले तरीही. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

लहान संस्थेने कुठून सुरुवात करावी?

लहान संस्थेला कायदेशीर सल्लागार परवडतोच असे नाही. पण संस्थेतला एक माणूस या कामासाठी नेमता येतो. तो कोड लिहिणारा नसला तरी चालेल. रोजचे काम कसे चालते हे त्याला नेमके माहीत हवे आणि ‘हे असे चालणार नाही’ म्हणायचा अधिकार हवा. अनेकदा हे काम ‘मोबाइलमधले कळते’ म्हणून सर्वांत तरुण लिपिकाकडे सोपवले जाते आणि त्याचे म्हणणे कार्यकारिणीत कोणी ऐकत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता यंत्रणा महिनाभर सुरळीत चालल्यानंतरच. तो महिना निवडताना मार्चअखेर किंवा शाळेच्या प्रवेशाचा हंगाम टाळावा. जुनी वही लगेच बंद करू नये. दोन्ही नोंदी काही दिवस शेजारी शेजारी ठेवल्या, की कुठे जुळत नाही ते आपोआप दिसते. बॅकअपची प्रत दर आठवड्याला संस्थेकडे यावी आणि ती खरोखर उघडते का, हे अधूनमधून उघडून पाहावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खात्यांकडे. डोमेन, क्लाउड आणि प्ले स्टोअरची खाती बऱ्याचदा काम करणारा मुलगा स्वतःच्या ई-मेलवर उघडतो. यात फसवण्याचा हेतू नसतो, तेव्हा घाई असते इतकेच. दोन वर्षांनी तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागतो, डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जाते आणि एके दिवशी संस्थेचे संकेतस्थळ उघडतच नाही. संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर नोंदलेले आहे, ते कधी संपते, हे विचारायला एक फोन पुरतो. तो आजच करता येईल.