भरपाईनंतर हाताचे काय?

यंत्राच्या अपघातात अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के घटली, चारही बोटे गेली तर पन्नास टक्के, असा हिशेब १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने घालून दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशीच सूची आहे. हा हिशेब आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो आणि तो कामगाराच्या पदरात पडावा म्हणून आपण वर्षानुवर्षे झगडतो. परंतु उरलेल्या सत्तर वा पन्नास टक्क्यांचे पुढे काय होते, याची विचारपूस आपण क्वचितच केली आहे.

ती करणारी एक विद्या विद्यापीठात शिकविली जाते. तिचे नाव व्यवसायोपचार. (रुग्णालयात 'ओटी' म्हटले की लोकांना शस्त्रक्रियागृहच आठवते, इतकी ती अपरिचित.) तिचा उगम आपल्याला परका वाटू नये. १९१७ साली अमेरिकेत या व्यवसायाची पहिली संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांचा शिकागोतील हल हाउस या श्रमिक वस्तीतील केंद्राशी निकटचा संबंध होता. आणि हस्तव्यवसायाने माणूस सावरतो या विचारामागे विल्यम मॉरिससारख्या समाजवाद्याची प्रेरणा होती. भारतात ही विद्या आणली ती जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे ऐन गिरणगावात, त्यांनी पहिले विद्यालय सुरू केले.

जागतिक व्यवसायोपचारक महासंघाच्या किमान निकषानुसार विद्यार्थ्याने एक हजार तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम केले पाहिजे. खरा प्रश्न हे तास कोठे भरतात हा आहे. ते बहुतांशी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत भरतात. तेथे जखमी हाताला चेंडू दाबावयास देतात, भोकांत खुंट्या बसवावयास लावतात. हे आवश्यकच आहे. पण यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना अंगठा व तर्जनीची चिमूट लागते, तर ऊसतोड मजुराला कोयता मुठीत आवळून झटका द्यावा लागतो. ज्याने माग चालताना पाहिला नाही, त्याने कोणत्या पकडीचा सराव द्यावा? पदवी मिळते, आणि विद्यार्थी शहरातील खाजगी दवाखान्याकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. खाजगी महाविद्यालयाची फी भरणाऱ्या घरालाही ती वसूल व्हावी असे वाटणारच.

दोष आपल्याकडेही आहे. भरपाईचा निकाल लागेपर्यंत हात हलवू नकोस, सुधारला तर टक्के कमी होतील, असा सल्ला आपल्यातीलच काही जण देतात. तुटलेल्या बोटांचे टक्के परिशिष्टात ठरलेलेच असतात. उपचाराने ते घटत नाहीत. परिशिष्टात नसलेल्या इजांमध्ये वैद्यकीय मूल्यमापनाचा प्रश्न येतो, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य. पण न हलविलेले सांधे काही आठवड्यांतच आखडू लागतात, आणि वर्षानंतर हाती आलेली रक्कम ते सैल करू शकत नाही.

म्हणून या प्रशिक्षणातील काही महिने कामगार विमा रुग्णालयांत आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावी सक्तीने व्हावेत. प्रवास व निवासाचा खर्च शासनाने द्यावा. अन्यथा गरीब घरच्या विद्यार्थ्याला ही सक्ती जाचक ठरेल. मालकांनी कारखान्याचे दार उघडावे, हे कलम आपल्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात घालावे. शासकीय आदेश निघेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जवळच्या महाविद्यालयाला पत्र लिहून दोन विद्यार्थ्यांना आठवडाभर बोलावता येईल. त्यांची राहण्याची सोय युनियनच्या कार्यालयात होईल, आणि सकाळच्या पाळीला त्यांना मागावर नेण्यास एक साथी पुरेसा आहे.