ताऱ्याआधी डबा

घनसावंगीहून अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे, ‘घरी फ्युजनचे यंत्र करायचे आहे. त्याचे निर्वात पात्र कसे बनवायचे?’ प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. फ्युजन म्हणजे अणुकेंद्रांचे संमीलन. सूर्य त्यावरच तळपतो. ते छोट्या प्रमाणावर घडवणारे यंत्र टीव्हीच्या आद्य संशोधकांपैकी एक, फायलो फार्न्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात विकसित केले. अमेरिकेत १२-१४ वर्षांच्या मुलांनीही ते जुळवले आहे. त्यातून वीज मात्र मिळत नाही. जेवढी ऊर्जा घालावी, तिचा नगण्य अंश परत येतो. मग हाती काय लागते? माझ्या मते, पात्र हवाबंद करण्याची विद्या. या विद्यार्थ्याने तिथपर्यंत जरूर जावे आणि तिथेच थांबावे.

निर्वात आपल्याला परके नाही. गुऱ्हाळाच्या उघड्या कढईत गूळ तयार होताना तापमान ११५ अंशांच्या पुढे जाते. साखर कारखान्यात मात्र बंद पॅनमधली हवा ओढून घेतात आणि तोच रस ७० अंशांच्या आसपास उकळतो. त्यामुळे साखर करपत नाही. फ्रिज-एसी दुरुस्त करणारा कारागीरही गॅस भरण्याआधी पंप लावून नळीतली हवा काढतोच. फ्युजनच्या यंत्राला याहून कितीतरी विरळ हवा लागते. ते चालते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या लाखाव्या भागाजवळ असतो आणि त्याआधी पात्र आणखी रिकामे करावे लागते.

खरी परीक्षा इथे सुरू होते. हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो वजनाने दाबते. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा भार ३ क्विंटलांच्या पुढे जातो. कुकर आतून बाहेर ढकलला जातो. हे पात्र बाहेरून आत चेपले जाते. तेलाचा चौकोनी डबा चेपतो, गोल पात्र टिकते. म्हणून जाड स्टेनलेस स्टीलचा गोल किंवा नळकांडे घ्यायचे. काचेची बरणी वापरायची नाही, ती फुटली तर तुकडे अंगावर येतात.

वेल्डिंग आर्गनचे हवे आणि शक्यतो आतल्या बाजूने, अखंड. बाहेरून केले तर आत बारीक फट राहते. तिच्यात अडकलेली हवा तासन्‌तास झिरपते आणि गळती नसताना गळती भासवते. आरपार नसलेल्या छिद्रात घट्ट बसवलेला स्क्रूही हाच दगा देतो. झाकणाखाली रबरी कडी बसते. तिच्या खाचेत आडवा ओरखडा किंवा एखादा केस राहिला तरी मेहनत वाया जाते. बोटाचा तेलकट ठसासुद्धा आत वाफ सोडत राहतो, म्हणून शेवटची जुळणी हातमोजे घालूनच करायची.

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यातल्या बुडबुड्यांवरून सापडते. इथे हवा बाहेर येत नाही, आत शिरते. त्यामुळे बुडबुडे दिसणार नाहीत. पंपाची झडप बंद करून दाबमापकाकडे पाहत बसावे लागते. दाब एकाच गतीने चढत राहिला तर गळती आहे. चढून हळूहळू स्थिरावला तर भिंतीला चिकटलेली ओल सुटते आहे. एवढा फरक ओळखणारा मुलगा अर्धा तंत्रज्ञ झालाच.

थांबायचे का, तेही स्पष्ट सांगतो. पुढच्या पायरीला २०-३० हजार व्होल्ट लागतात. चुकून हात लागला तर दुसरी संधी मिळत नाही. मॅमोग्राफीचे यंत्र साधारण ३० हजार व्होल्टवरच क्ष-किरण काढते. इथेही ते निर्माण होतात, पोलाद बहुतेक अडवते, पण आत डोकावायची काच अडवत नाही. संमीलन झालेच तर न्यूट्रॉन पोलादातूनही बाहेर पडतात. या गोष्टी दिसत नाहीत आणि लगेच दुखतही नाहीत. क्ष-किरण यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू आहेत, ते याच कारणासाठी. राहत्या घरात, धाकट्या भावंडांच्या शेजारी हे करू नये.

निर्वाताची विद्या मात्र आपल्याच भागात कामाला येणार आहे. घनसावंगीच्या पूर्वेला, सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. तिथल्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तिला ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्या लागतील. त्यांच्यातला दाब वातावरणाच्या लाख-कोटीव्या भागाइतका ठेवायचा आहे. अशा ठिकाणी वेल्डर, फिटर आणि गळती शोधणारे हात लागतातच. ते सगळे बाहेरूनच का यावेत?

मराठवाड्यातल्या आयटीआयनी एसी दुरुस्तीचा पंप, एक दाबमापक आणि एक स्टीलचे पात्र एवढ्यावर निर्वाताचे छोटे प्रात्यक्षिक सुरू करावे. शाळांनी मुलांना ते दाखवायला न्यावे. आणि घनसावंगीच्या मित्रा, तू पात्र बनवच. रात्री झडप बंद कर, सकाळी दाबमापक पाहा. काटा फारसा हलला नसेल तर आमच्यातर्फे शाबासकी.