तापलेला लॅपटॉप दुकानात नेण्याआधी

लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो, काम करता करता मशीन अडखळायला लागतं आणि एखाद्या दुपारी काही न सांगता बंदच पडतं. उन्हाळा लागला की ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग कोणी म्हणतं, मदरबोर्ड गेला असेल. कोणी कूलिंग पॅड मागवतं. कोणी सरळ सांगतं, जुना झाला, नवीन घ्या. माझी विनंती एवढीच आहे, की यातलं काहीही करण्याआधी त्या यंत्रात हवा शिरायची आणि बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, ते बघा. तापणाऱ्या बहुतेक लॅपटॉपचं दुखणं तिथेच असतं आणि ते घरच्या घरी, फुकटात किंवा थोडक्या पैशांत बरं होतं.

मुलगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून किंवा मुलीला घरून काम मिळालं म्हणून हप्त्यांवर लॅपटॉप घेणारी अनेक घरं आहेत. हप्ते फिटायच्या आधी तो निकामी झाला, तर दुसरा घेणं सोपं नसतं. म्हणून हे जरा तपशिलात लिहितो आहे.

आत काय चालतं ते आधी समजून घेऊ. उष्णता मुख्यतः निर्माण होते प्रोसेसरमध्ये, आणि वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर तिच्यात. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो, त्यावर धातूची पट्टी आणि त्या पट्टीवरून निघालेली तांब्याची चपटी नळी. नळी आतून पोकळ असते, तिच्यात थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि या फेऱ्यात उष्णता वाहून नेली जाते. गार टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी बसवलेली असते. पंखा त्या जाळीतून हवा फेकतो आणि उष्णता बाहेर जाते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही हवा खालच्या बाजूने आत येते आणि मागून, बाजूने किंवा स्क्रीनच्या बिजागरीपासून बाहेर पडते. एकदा लॅपटॉप उलटा करून आपल्याकडच्या मॉडेलच्या फटी कुठे आहेत ते पाहून ठेवा.

पंखा म्हणजे एसी नव्हे. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. बरेच उत्पादक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं सांगतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, हे तिकडच्या वाचकांना मी सांगायला नको. अशा दुपारी व्हिडिओ एडिटिंग, गेम, मोठं कोडिंगचं काम काढूच नका. ते सकाळी किंवा रात्री उशिरा करा. कूलर लावून बसत असाल, तर लॅपटॉप त्याच्या थेट झोतात नको, कारण त्या हवेत ओल असते आणि कधी कधी तुषारही येतात.

किती तापलं म्हणजे जास्त? साध्या कामात प्रोसेसर ४५ ते ६० अंशांवर असतो, जड कामात ८०-९०पर्यंत जातो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १०० अंशांच्या आसपास पोचला की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं, तर मशीन बंद होतं. म्हणजे सुरुवातीला चांगला चालणारा आणि अर्ध्या तासाने रेंगाळणारा लॅपटॉप अनेकदा तापलेला असतो. रॅम वाढवायला निघालेल्यांनी आधी तापमान मोजावं. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर हे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

आता गादीकडे येतो, कारण घरातलं सर्वांत मोठं कारण तेच आहे. गादी, उशी, गोधडी, मांडीवरची चादर या सगळ्या मऊ गोष्टींत लॅपटॉप रुततो आणि खालच्या फटी बंद होतात. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, पण ओढायला हवाच नसते. शिवाय कापडाचे तंतू आत जातात ते वेगळेच. टेबल नसेल, खोली लहान असेल, हॉस्टेलच्या कॉटवरच अभ्यास करावा लागत असेल, तर त्यावर आपल्याकडे जुना इलाज आहे. घरातला जेवणाचा पाट घ्या. त्याला खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, वरची फळी सपाट आणि कडक असते. गादीवर पाट आणि पाटावर लॅपटॉप, एवढं पुरे. चौरंग असेल तर उत्तमच. पाटावर ठेवतानाही लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची सारख्या उंचीची दोन झाकणं सरकवा. मागची बाजू बोटभर उचलली गेली की हवा मोकळी आत जाते, आणि एवढ्यानेच तापमान काही अंशांनी उतरलेलं दिसतं. लॅपटॉप नुसता मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायची सवय असेल तर तीही सोडा. रोजच्या शेकाने मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे.

कूलिंग पॅडबद्दल नेहमी विचारलं जातं. त्याच्या पंख्यांची तोंडं लॅपटॉपच्या फटींसमोर येत असतील तर थोडा फायदा होतो. आतली जाळी धुळीने बुजलेली असेल, तर कितीही महाग पॅड घेतलं तरी उपयोग नाही. आधी सफाई, मग पॅडचा विचार.

सफाईचं काम नीट करायचं असतं. तीन-चार वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं की पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि माणसाची फसगत होते. खरा मळ दिसत नाही अशा जागी असतो. पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत धूळ, केस, गादीचा कापूस दाबून दाबून राखाडी नमद्यासारखी पट्टी तयार झालेली असते. चिमट्याने ओढली तर ती एकसंध बाहेर येते. ज्या घरात हॉलला लागूनच स्वयंपाकघर आहे, तिथे फोडणीच्या धुराने आणि उदबत्तीच्या काजळीने ही पट्टी चिकट होते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. सगळी गरम हवा ज्या जाळीतून जायची, तिच्या तोंडावरच ती बसलेली असते. ती काढल्यावर पंख्याचा आवाज उतरतो.

हे काम स्वतः करायचं असेल तर आधी वॉरंटी बघा. ती चालू असेल तर झाकण उघडण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल, तर आपल्या मॉडेलचं झाकण कसं उघडतं याचा व्हिडिओ शोधून पूर्ण पाहा. लॅपटॉप बंद करा, म्हणजे स्लीप नव्हे, शटडाउन. चार्जर काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी ठेवत जा. झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घ्या. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर बोर्डपासून सोडवा. मग पंख्याचं पातं काडीने किंवा बोटाने अडवून धरा आणि ब्लोअर किंवा हवेचा कॅन थोडा थोडा मारा. पातं न धरता जोराची हवा मारली तर पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत लावू नका, त्याने तयार होणारी स्थिर वीज बोर्डला मारक ठरू शकते. पंक्चरवाल्याकडची हवाही नको, तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात.

झाकण उघडायची हिंमत नसेल, तर हवा जिथून बाहेर पडते त्या फटीतून लॅपटॉप बंद असताना थोडी थोडी हवा मारली तरी काही धूळ सुटते. नमदा मात्र आतच राहतो.

थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. सफाई करूनही तापमान उतरत नसेल तर ती बदलावी लागते. हे काम मी सर्वांना घरी करा म्हणणार नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवीन अगदी थोडी लावायची, आणि स्क्रू धातूच्या पट्टीवर छापलेल्या क्रमांकाप्रमाणे थोडे थोडे आवळायचे, अशी ती रीत आहे. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक असल्यामुळे एक थेंब चुकीच्या जागी पडला तर बोर्ड जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तुमच्या तालुक्याच्या गावी जो कारागीर हे काम करतो, त्याच्याकडून समोर बसून करून घ्या. फक्त ब्लोअर मारला की पंखा काढून मधली जाळीही साफ केली, हे विचारायला संकोचू नका.

कधी कधी हवा मोकळी असते, पण प्रोसेसरवर विनाकारण बोजा असतो. काहीच काम चालू नसताना पंखा जोरात फिरत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वाधिक ताण देणारा प्रोग्रॅम वर येतो. बऱ्याचदा ते ब्राउझरचे उघडे राहिलेले टॅब असतात, कधी अँटिव्हायरसचं स्कॅनिंग किंवा विंडोजचं अपडेट, जे थोड्या वेळाने आपोआप संपतं. अनोळखी नावाचा प्रोग्रॅम सतत वर दिसत असेल तर सावध व्हा. फुकटात मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी खणणारे प्रोग्रॅम आत येतात, हे कॉलेजच्या मुलांना मला मुद्दाम सांगायचं आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवला की टायपिंग, ऑनलाइन क्लास, एक्सेल यांत फरक जाणवत नाही आणि मशीन गार राहतं. गेममध्ये फ्रेम रेट ६०वर मर्यादित करा.

सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर आपल्याकडे लॅपटॉपबरोबर भेट म्हणून देतात. काही मॉडेल कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात आणि कीबोर्डवाटे थोडी उष्णता तर जवळजवळ सगळीच मॉडेल सोडतात. ते कव्हर काढून ठेवा. प्रवासाला निघताना झाकण मिटून लॅपटॉप तसाच बॅगेत सारू नका. स्लीपमधला लॅपटॉप मधेच जागा होतो आणि बंद बॅगेत शेकत राहतो. पूर्ण बंद करून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर तो नकोच. आणि तापला म्हणून बर्फाची पिशवी, ओला फडका किंवा फ्रीज हे उपाय कोणी सुचवले तरी करू नका. गरम यंत्र एकदम गार झालं की आत दव धरतं आणि बोर्ड गंजतो किंवा शॉर्ट होतो.

बॅटरीकडे मात्र सफाई-दुरुस्तीपलीकडे जाऊन बघावं लागतं. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापलेल्या अवस्थेत ती सतत १०० टक्के भरलेली राहिली तर आणखी लवकर म्हातारी होते. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याचदा असते, ती चालू करा. टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो, अशी लक्षणं दिसली तर बॅटरी फुगली आहे असं समजा. त्या क्षणी चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ते पुन्हा चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नसते, टोचायची तर मुळीच नसते. जाणकाराकडून काढून घ्या आणि ती घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात चेपली गेली तर पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सर्व्हिस सेंटरवर किंवा महापालिकेच्या ई-कचरा केंद्रावर ती द्या. लॅपटॉपमधून धूर येऊ लागला तर तो उचलून बाहेर न्यायच्या भरीस पडू नका. माणसं आधी खोलीबाहेर काढा आणि १०१ला फोन करा.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातला लॅपटॉप कुठे चार्जिंगला लावला आहे, ते उठून बघा. गादीवर किंवा उशीशेजारी असेल, तर चार्जरसकट उचला आणि टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. मुलं वसतिगृहात असतील, तर त्यांना आजच फोन करून हे सांगा.