अ‍ॅम्पचे सोवळे कशासाठी?

अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पला लावायची नाही, असे गिटार शिकणाऱ्या मुलांना क्लासमध्ये, दुकानात, गॅदरिंगच्या तालमीत बजावले जाते. का, असे विचारले की तीन उत्तरे येतात: अ‍ॅम्प खराब होईल, आवाज वाईट येईल, फीडबॅक मारेल. हा नियम मला मान्य नाही. घरात चांगला अ‍ॅम्प असताना तो कोपऱ्यात ठेवून, वेगळा अकूस्टिक अ‍ॅम्प परवडेपर्यंत थांबणाऱ्या मुलांचे या नियमाने नुकसान होते.

पहिल्या उत्तरात तथ्य नाही. दोन्ही गिटारी सारख्याच सुरांत लावतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की दोन्हींकडे सुमारे ८२ हर्ट्झचाच सूर निघतो. बेस गिटार एक सप्तक खाली वाजते, तसला भार इथे स्पीकरवर येत नाही. गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असेल तर सिग्नल जोरकस येतो, तेव्हा तिचा व्हॉल्यूम उतरवायचा, एवढेच. बॅटरी नसलेल्या पिएझो पिकअपला तर गिटारचा अ‍ॅम्प मिक्सरपेक्षा जास्त मानवतो. त्या पिकअपला पुढे मोठा इनपुट इम्पीडन्स लागतो. गिटार अ‍ॅम्पचा तो साधारण १ मेगाओम असतो, मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा १० किलोओमच्या आसपास. असा पिकअप थेट मिक्सरला जोडला की खर्ज गळतो आणि आवाज किरटा होतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. गिटार अ‍ॅम्पचा १० किंवा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो आणि सोबत ट्वीटर नसतो. अकूस्टिक तारांची चमक बरीचशी त्याच्याही वर असते. फेंडर धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये सगळी बटणे मध्यावर ठेवली तरी मिड दबलेलेच राहतात. तेव्हा हा अ‍ॅम्प गिटारचा आवाज जसाच्या तसा देत नाही, हे कबूल.

पण जसाच्या तसा म्हणजे कुठला? ब्रिजवरच्या सॅडलखाली बसवलेला पिएझो फक्त तिथला दाब टिपतो. पेटीत घुमून, खोलीच्या हवेतून कानापर्यंत येणारा नाद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पिएझोच्या आवाजाला वरच्या अंगाला जी कोरडी, कडकडीत धार असते, ती ट्वीटर जशीच्या तशी ऐकवतो आणि गिटारचा स्पीकर बऱ्यापैकी छाटतो. ‘नैसर्गिक’ आवाज केबल लावताक्षणीच मागे राहिलेला असतो. त्यानंतर निवड करायची ती दोन कृत्रिम आवाजांमधली. ड्रम आणि बेसच्या सोबतीने वाजवताना मिडवर भर देणारा, दाणेदार आवाज मला अधिक उपयोगाचा वाटतो. चकचकीत आवाज झांजांच्या गजरात हरवून जातो.

राहिला फीडबॅक. पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या ड्रेडनॉट गिटारीत तो १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. अ‍ॅम्पमधून तो सूर जोरात आला की पेटी घुमते, पिकअप ते घुमणे पुन्हा अ‍ॅम्पकडे धाडतो आणि आवर्तन सुरू होते. अकूस्टिक अ‍ॅम्पही या भौतिकीतून सुटलेला नाही. अ‍ॅम्प बाजूला सरकवावा, बेस उतरवावा, साउंडहोलला रबरी झाकण लावावे. बहुतेक वेळा काम भागते. शिवाय फीडबॅक म्हणजे केवळ बिघाड असेही नाही. १९६४ च्या ऑक्टोबरात बीटल्सनी ‘आय फील फाइन’ ध्वनिमुद्रित केले. त्याच्या सुरुवातीची ती गुरगुर जॉन लेननच्या गिब्सन जे-१६०ई या अकूस्टिक गिटारच्या फीडबॅकची आहे. गिब्सनने हे मॉडेल १९५४ मध्येच पिकअपसकट बाजारात आणले होते, आणि फीडबॅक कमी व्हावा म्हणून वरची फळी प्लायवूडची केली होती. त्याआधीपासून अमेरिकेतले ब्लूज वादक साध्या गिटारीला डीआर्मंडचा पिकअप लावून, मिळेल त्या अ‍ॅम्पवर वाजवत होते. एल्मोर जेम्सचा स्लाइड त्याच मार्गाने आपल्यापर्यंत आला.

१८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’साठी कर्ट कोबेन वाजवायला बसला, तेव्हा त्याच्या हातात मार्टिन डी-१८ई होती. ही गिटार फेंडरच्या अ‍ॅम्पमधून येत होती आणि वाटेत इफेक्ट पेडलही होते. अ‍ॅम्प दिसू नये म्हणून त्याच्यापुढे स्टेज मॉनिटरसारखी दिसणारी खोटी पेटी उभी केली होती. डेव्हिड बोवीच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’मधली गिटारची धून ऐका, तारांमागे जो खरखरीत गाभा आहे, तो या जोडणीतून आलेला आहे. हाच कार्यक्रम आज साध्या, निराभरण वादनाचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्यातला भाव खराच आहे, आणि अ‍ॅम्पने तो कुठेही मलिन केला नाही. मग विद्यार्थ्यावर ही बंदी कोणत्या तत्त्वाने घालायची?

एकट्याने, बारीक बोटकामाने वाजवणाऱ्याला चांगला माइक किंवा फुल-रेंज अ‍ॅम्पच हवा, यावर माझा वाद नाही. नायलॉन तारा चुंबकीय पिकअपला ऐकूच येत नाहीत, हेही खरे. पण या मर्यादा आवाज ऐकवून शिकवाव्यात. शिक्षकांनी मुलाला सरळ अ‍ॅम्पपुढे बसवावे, गेन अगदी कमी, बेस निम्म्याखाली, मिड वर आणि रिव्हर्ब थोडासा ठेवावा. फीडबॅक आलाच तर तो कोणत्या सुरावर येतो, हे त्यालाच ओळखू द्यावे.