कार्डाचे कव्हर विकताना प्लॅस्टिक कोणते ते सांगा

स्टेशनरी आणि खेळण्यांच्या धंद्यातील आमच्या बंधूंकडे हल्ली एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. कधी शाळकरी पोरगा, कधी नोकरीला लागलेला तरुण. हातात पोकेमॉनच्या नाहीतर क्रिकेटच्या कार्डांची गड्डी आणि मागणी एकच, "याला कव्हर द्या." दुकानदार हाताला लागेल ते पाकीट काढतो, कार्ड आत सरकवून दाखवतो, बसले की सौदा झाला. आमचे म्हणणे असे की हा सौदा इतक्या घाईने होऊ नये. कव्हर किरकोळ किमतीचे असते, पण त्यात जाणारा माल किरकोळ असेलच असे नाही. आणि चुकीचे कव्हर माल राखत नाही, हळूहळू खाते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. खेळाडूंची चित्रे छापलेली कार्डे अमेरिकेत आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंग गमबरोबर येत. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या मालिकेतील मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. त्याच कार्डाच्या इतरही प्रती आहेत, त्यांना हा भाव नाही. या प्रतीला तपासणाऱ्या कंपनीने दहापैकी साडेनऊ गुण दिले होते. सत्तर वर्षे कोपरे शाबूत राहिले, याचीच ती किंमत. खेळण्याची कार्डे नंतर आली. १९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग', १९९६ साली जपानात पोकेमॉन, १९९९ मध्ये यु-गि-ओ. आपल्याकडची पोरे बबलगमची चित्रे आणि पैलवानांची ट्रम्प कार्डे रबर बँड लावून खिशात ठेवत. कड्यांना खाचा पडत, कुणाला त्याचे दुःख नव्हते. आज त्याच पोरांची मुले बाजारभाव मोबाईलवर बघून दुकानात येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजारात पारदर्शक प्लॅस्टिक म्हणून जे मिळते ते सगळे एक नाही. आमच्या पाऊच आणि पिशवीवाल्या बंधूंना एल.डी., पी.पी. आणि पी.व्ही.सी. यांतला फरक सांगायला नको. गिऱ्हाइकाला मात्र तो ठाऊक नसतो, आणि किरकोळ दुकानदार विचारीत नाही. पी.व्ही.सी. मुळात कडक असते. त्याला मऊ करण्यासाठी त्यात तेलकट रसायन मिसळतात, प्लॅस्टिसायझर म्हणतात ते. हे रसायन प्लॅस्टिकमध्ये कायमचे बांधलेले नसते. वर्षा-दोन वर्षांत ते पृष्ठभागावर येऊ लागते. कव्हर चिकट होते, कार्डावरची शाई आणि चकाकी धरून ठेवते. शिवाय जुने होताना पी.व्ही.सी. मधून आम्ल सुटते आणि ते कागदाला पिवळा करते. जुन्या नाण्यांचे शौकीन हा रोग चांगला ओळखतात, मऊ पी.व्ही.सी.च्या पाकिटात ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यावर हिरवी चिकट बुरशी धरल्यासारखे दिसते.

यासाठी कुणाची साक्ष काढायला नको. आपल्या घरातली जुनी फाईल उघडा. मऊ, जाड, चकचकीत पानांच्या फाईलमध्ये दहा वर्षे ठेवलेली रेशन कार्डाची किंवा घराच्या करारनाम्याची झेरॉक्स बाहेर काढली की अक्षरे कागदावर कमी आणि प्लॅस्टिकवर जास्त दिसतात. जे झेरॉक्सचे झाले तेच कार्डाचे होते, फक्त कार्डावर रंगाचे चार थर असल्यामुळे नुकसान मोठे.

कार्डासाठी चालणारी प्लॅस्टिके तीन: पॉलिप्रॉपिलीन म्हणजे आपले पी.पी., पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर. ग्रंथालये आणि दफ्तरखाने जुनी कागदपत्रे व फोटो ठेवायला हीच वापरतात. यांत रोजच्या विक्रीला पी.पी. सर्वांत सोयीचे. स्वच्छ दिसते, स्वस्त पडते, आणि सहजासहजी चिकटत नाही. पॉलिएस्टर उत्तम, पण महाग आणि ताठ. ते दुर्मीळ मालाला ठेवावे.

ओळखायचे कसे? पहिली खूण वासाची. नव्या रेक्झिनला किंवा न्हाणीघराच्या प्लॅस्टिक पडद्याला जो उग्र वास येतो तो पाकिटाला आला तर ते बाजूला ठेवा. दुसरी खूण पाण्याची. कव्हराचा नखाएवढा तुकडा कापून पेल्यातल्या पाण्यात बोटाने दाबून बुडवा, हवेचे बुडबुडे झटकून टाका आणि सोडा. पी.पी. आणि पॉलिएथिलीन वर येतात, पी.व्ही.सी. तळाला बसते. पॉलिएस्टरही बुडते, पण ते ताठ असते आणि ओढून ताणत नाही. मऊ आहे, ताणते आहे आणि बुडते आहे, असे तिन्ही जुळले तर शंका धरावी. तिसरी परीक्षा आमच्या तांब्या-पितळेच्या कारागिरांना सहज जमेल. तांब्याची तार ज्योतीत लाल करून प्लॅस्टिकला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पी.व्ही.सी. हे काम उघड्या हवेत करावे, धूर नाकात जाऊ देऊ नये आणि पोरांच्या हाती तर देऊच नये.

पाकिटावर 'अॅसिड-फ्री' असे छापलेले असते, त्यावर भरवसा ठेवून माल भरू नका. तो शब्द कागदाच्या धंद्यातला आहे. प्लॅस्टिकच्या बाबतीत विचारायचे ते एवढेच की यात पी.व्ही.सी. आहे की नाही. घाऊक व्यापारी याचे उत्तर लेखी देत नसेल तर त्याचा अर्थ आपण समजून घ्यावा.

मापाकडे वळू. पोकेमॉन, मॅजिक आणि बहुतेक खेळाडूंची कार्डे ६३ बाय ८८ मिलिमीटरची असतात. त्यांना ६६ बाय ९१ च्या आसपासचे कव्हर लागते. यु-गि-ओची कार्डे लहान, ५९ बाय ८६, त्यांना ६२ बाय ८९ चे. पुष्कळ दुकानांत मोठे कव्हर दोन्हींना दिले जाते. लहान कार्ड त्यात इकडून तिकडे सरकत राहते आणि कडा घासतात. उलट कव्हर आवळ असेल तर कार्ड घालतानाच कोपरा दुमडतो, मग राखायचे काय? महागड्या कार्डाला काही लोक दोन कव्हरे घालतात. आतले अंगाबरोबरचे, ६४ बाय ८९ चे, तोंड खाली करून. बाहेरचे नेहमीच्या मापाचे, तोंड वर करून. धूळ आणि सांडलेला चहा दोन्ही अडतात. जाडी आपण गेजमध्ये बोलतो, यांचे लोक मायक्रॉनमध्ये बोलतात. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. जाडी एका पदराची सांगितली आहे की दोन्ही पदरांची, तेही विचारून घ्यावे.

कपड्यांच्या पिशव्यांसारखी, झाकणाला गोंद लावलेली कव्हरेही कार्डांसाठी विकली जातात. ती देऊ नयेत. कार्ड बाहेर काढताना एकदा जरी पृष्ठभाग त्या गोंदाला लागला तरी छपाई उखडते.

खेळणाऱ्या गिऱ्हाइकाची गरज शौकिनापेक्षा वेगळी असते. स्पर्धेत सगळ्या कार्डांची कव्हरे हुबेहूब सारखी लागतात. एखादे कव्हर रंगाने उजळ किंवा केसभर उंच असले तर पाठीवरून कार्ड ओळखता येते, आणि पंच त्याला खुणेचे कार्ड ठरवू शकतो. पोकेमॉनची गड्डी साठ कार्डांची असते. म्हणून साठ कव्हरे आणि वर चार-पाच जादा, ही सगळी एकाच लॉटमधली द्यावीत. दोन लॉटची सुटी कव्हरे मिसळून मोजून देणारा दुकानदार त्या पोराला स्पर्धेतून उठवतो, आणि त्याला ते कळतही नाही. जे बंधू पाऊच कापण्या-सील करण्याचे यंत्र चालवतात त्यांनाही इथे वाव आहे, पण शिस्त हवी. बनियनच्या पिशवीत दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर कुणी बोलत नाही. इथे एक मिलिमीटरला माल परत येतो.

लॅमिनेशनविषयी आम्हाला जरा कडकच लिहावे लागेल. आपल्याकडे जपून ठेवायचे म्हणजे लॅमिनेट करायचे, अशी समजूत झाली आहे. शाळेचा दाखला, वडिलांचा फोटो, जमिनीचा कागद, सगळे गरम यंत्रातून काढले जाते. आता कार्डेही जाऊ लागली आहेत. लॅमिनेशन म्हणजे उष्णतेने चिकटवलेला गोंद. तो नीट सुटत नाही. लॅमिनेट केलेल्या कार्डाला जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही. झेरॉक्सच्या दुकानावर बसणाऱ्या बंधूंनी पोरगा कार्ड घेऊन आला तर आधी त्याला हे सांगावे. दहा-वीस रुपयांचे काम जाईल, जाऊ द्या.

कडक पारदर्शक साचा, ज्याला टॉपलोडर म्हणतात, तो बहुधा पी.व्ही.सी.चाच असतो. तो कडक असल्यामुळे त्यात मऊ करणारे तेल नसते किंवा फार थोडे असते, म्हणून त्याचा तितका दोष धरीत नाहीत. तरीही उघडे कार्ड त्यात घालू नये, आधी पी.पी.चे कव्हर, मग साचा. कार्ड टपालाने पाठवायचे असेल तर हाच मार्ग.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा वेगळाच वैरी. चमकीचे कार्ड दमट हवेत धनुष्यासारखे वाकते, कारण कागद ओल पितो आणि चमकीचा पत्रा पीत नाही. कव्हराने हे थांबत नाही, त्याचे तोंड उघडेच असते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, असा जोड दुकानदाराने कव्हराबरोबरच ठेवावा. गिऱ्हाइकाचीही सोय होईल आणि गल्ल्यातही भर पडेल.

यावर काही बंधू म्हणतात, "गिऱ्हाईकच स्वस्त मागते, आम्ही काय करणार? आणि खरे सांगितले तर पडलेला माल कुठे घालू?" हा प्रश्न खोटा नाही. पण मऊ पी.व्ही.सी. ही काही निरुपयोगी वस्तू नाही. वहीचे कव्हर, टेबलावरची शीट, दप्तराचा कप्पा यांना ती चालते, तिथे विका. कार्डाला म्हणून मागणाऱ्याला मात्र ती देऊ नका. स्वस्तच हवे असेल तर पातळ पी.पी.चे साधे कव्हरही स्वस्त असते. फरक किमतीत फारसा नाही, तो आहे विचारण्यात आणि सांगण्यात. या धंद्यात नुकसान लगेच दिसत नाही हीच अडचण आहे. फाटकी पिशवी दिली तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत येते. चुकीचे कव्हर दिले तर पोरगा दोन वर्षांनी गड्डी उघडतो, आणि तेव्हा दुकानाचे नाव त्याला चांगले आठवत असते. आमची सूचना अशी की प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी लावावी, प्लॅस्टिकचे नाव, माप आणि नगसंख्या. हाताने लिहिली तरी हरकत नाही.

ज्यांची कार्डे आधीच मऊ अल्बममध्ये आहेत त्यांनी ती याच आठवड्यात काढून घ्यावीत. जी सुटतील ती पी.पी.त घालावीत. जे चिकटले असेल ते ओढू नये. कव्हराच्या दोन कडा ब्लेडने कापून, कार्ड टेबलावर सपाट धरून, प्लॅस्टिक हळूहळू मागे दुमडत सोडवावे. मध्येच छपाई उठताना दिसली तर तिथेच थांबावे.