कुजणारे प्लास्टिक आणि छोटे भागधारक

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डॅनिमर सायंटिफिक या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा शेअर बाजाराने त्याची फारशी दखल घेतली नाही. दखल घेण्याजोगे त्या कंपनीत काही उरलेच नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या शेअरला साठ डॉलरांहून अधिक भाव मिळत होता. २०२४ मध्ये तो एका डॉलरच्याही खाली घसरला आणि बाजाराच्या यादीतून नाव निघू नये म्हणून कंपनीला चाळीस शेअरांचा एक शेअर करावा लागला. मोठ्या वित्तसंस्था अशा वेळी तोटा खर्ची टाकून पुढच्या व्यवहाराकडे वळतात. स्वतःच्या बचतीतून शेअर घेणाऱ्या सामान्य माणसाला ती सोय नसते.

या कंपनीचे पुढे काय होणार, यावरून छोट्या गुंतवणूकदारांत चार वर्षे हिरिरीने वाद चालला होता. बाजाराच्या भाषेत एका बाजूला तेजीवाले होते आणि दुसऱ्या बाजूला मंदीवाले. आता निकाल लागला आहे म्हणून मंदीवाले शहाणे आणि तेजीवाले मूर्ख, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तेजीवाल्यांची बहुतेक विधाने आजही खरी आहेत. ती खरी असूनही पैसा कसा बुडाला, हा या प्रकरणातील विचार करण्याजोगा भाग आहे.

कंपनी जे प्लास्टिक बनवीत होती ते पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट, म्हणजे संक्षेपाने पीएचए, या वर्गातले. काही जिवाणूंना भरपूर अन्न मिळाले की, माणसाच्या अंगावर चरबी चढावी तसा हा पदार्थ ते आपल्या पेशींत साठवितात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लमवान यांनी १९२६ च्या सुमारास तो शोधून काढला. पेशी फोडून तो वेगळा केला की त्यापासून पिशवी, नळी, चमचा असे काहीही बनविता येते. आणि जिवाणूंनीच बनविलेला असल्याने दुसरे जिवाणू तो खाऊनही टाकतात. मक्यापासून बनणारे पीएलए हे अधिक परिचित जैवप्लास्टिक कुजावयास औद्योगिक खतखान्याची उष्णता लागते. पीएचए साध्या मातीत, इतकेच काय, समुद्राच्या पाण्यातही कुजू शकते. तेजीवाल्यांचा सारा उत्साह या एका गुणावर उभा होता, आणि गुण खोटा नव्हता. मार्च २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने कंपनीच्या विघटनाच्या दाव्यांत अतिशयोक्ती असल्याचे दाखविले, तेव्हाही प्रश्न होता तो वस्तू किती जाड आहे आणि तिला कुजावयास किती काळ लागेल याचा. ती कुजते की नाही, याबद्दल वाद नव्हता.

गंमत अशी की मंदीवाल्यांचा सर्वात भक्कम पुरावा या पदार्थाच्या इतिहासातच होता आणि त्याकडे दोन्ही बाजूंनी पुरेसे पाहिले नाही. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९८० च्या दशकात हे प्लास्टिक ‘बायोपोल’ या नावाने बनविले. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीचा शांपू त्याच्या बाटलीतून विकला गेला. पुढे आयसीआयचे विभाजन झाले, बायोपोल झेनेकाकडे आले, १९९६ मध्ये ते मोन्सॅन्टोने घेतले आणि २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मेटाबोलिक्स या लहान कंपनीच्या हवाली केले. दुसरीकडे प्रॉक्टर अँड गॅम्बलने या वर्गातले ‘नोडॅक्स’ नावाचे प्लास्टिक विकसित केले होते. त्याचे हक्क २००७ मध्ये जॉर्जियातील ज्या लहान उद्योगाने घेतले, तोच पुढे डॅनिमर म्हणून नावारूपाला आला. ज्यांच्या तिजोऱ्या अथांग होत्या, त्यांनीच हा पदार्थ हातावेगळा केला. तेजीवाल्यांनी याचा अर्थ असा लावला की अवाढव्य कंपन्यांना जे दिसले नाही ते चपळ लहानांना दिसले. अवाढव्य कंपन्यांना हिशेब येतो, हा दुसरा अर्थ लावणे तितकेसे सुखद नव्हते.

मेटाबोलिक्सची कहाणी डॅनिमरच्या भागधारकांसमोर आरशासारखी उभी होती. ही कंपनी १९९२ मध्ये एमआयटीतील संशोधनातून जन्मली. नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा शेअर चौदा डॉलरांना बाजारात आला. धान्यप्रक्रियेतील बलाढ्य आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनी तिची भागीदार होती. आयोवातील क्लिंटन येथे वर्षाला पन्नास हजार टन क्षमतेचा कारखाना भागीदाराने उभारावयाचा, तंत्रज्ञान मेटाबोलिक्सने द्यावयाचे आणि भागीदाराचा खर्च आधी वसूल झाल्यावर नफा वाटून घ्यावयाचा, असा करार होता. ‘मिरेल’ या नावाने प्लास्टिक निघाले. टार्गेट या दुकानसाखळीची भेटकार्डे त्याची झाली, पेपरमेटची पेने झाली. छोट्या गुंतवणूकदारांना ही नावे ऐकून हुरूप येणे स्वाभाविक होते. परंतु भेटकार्डांनी पन्नास हजार टनांचा कारखाना चालत नाही. मिरेलचा भाव पाउंडाला सव्वादोन ते पावणेतीन डॉलर होता, तर साधे प्लास्टिक साधारणपणे एका डॉलरच्या आत मिळत होते. जानेवारी २०१२ मध्ये भागीदाराने अंग काढून घेतले. खर्चाचा अंदाज बांधता येत नाही आणि बाजारपेठ अपेक्षेइतक्या वेगाने वाढत नाही, असे कारण त्याने दिले. मेटाबोलिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली गेला. २०१६ मध्ये तिचे जैवप्लास्टिकचे सारे तंत्रज्ञान दक्षिण कोरियाच्या सीजे कंपनीने एक कोटी डॉलरांना घेतले आणि २०२२ मध्ये इंडोनेशियात त्या कंपनीचे पीएचएचे उत्पादन सुरूही झाले. विज्ञान शाबूत राहिले. त्याच्या बाल्यावस्थेचा खर्च सोसणारे मात्र वेगळेच होते.

डॅनिमर डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली ती आडवाटेने. आधी एक कोरी कंपनी काढावयाची, लोकांकडून पैसे गोळा करावयाचे आणि मग त्या पैशांनी विकत घ्यावयास धंदा शोधावयाचा, अशी पद्धत त्या काळी अमेरिकेत फोफावली होती. अशाच एका कोऱ्या कंपनीशी डॅनिमरचे विलीनीकरण झाले. या पद्धतीत पुढील पाचसहा वर्षांच्या विक्रीचे आणि नफ्याचे आशादायक तक्ते गुंतवणूकदारांपुढे मांडता येत; नेहमीच्या मार्गाने शेअर विकणारी कंपनी कायद्याच्या धाकाने तसे करीत नाही. चार वर्षे जो वाद झाला तो बव्हंशी या तक्त्यांचा होता. केंटकीतील विंचेस्टरचा, पूर्वी शेवाळाचे उत्पादन करणारा कारखाना कंपनीने घेतला होता. त्याची क्षमता किती, त्यांपैकी खरोखर किती टन निघतात आणि किती विकले जातात, या तीन आकड्यांतील अंतरावर मंदीवाले बोट ठेवीत. शेअरचा भाव पाडून पैसे कमावणाऱ्या एका संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये हेच प्रश्न जाहीर अहवालात विचारले. अहवालामागे स्वार्थ आहे, असे तेजीवाले म्हणाले, आणि तो होताच. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून उत्तर देण्याची गरज संपत नाही.

उत्तर ताळेबंदातून हळूहळू मिळाले. २०२१ मध्ये कंपनीची विक्री सुमारे ५.९ कोटी डॉलर होती, २०२३ मध्ये ती ४.७ कोटींवर आली. युक्रेनमधील युद्धाने तिच्या पीएलएच्या विक्रीला फटका बसला, हेही एक कारण झाले. २०२३ चा तोटा पंधरा कोटी डॉलरांहून अधिक होता. दरम्यान २०२१ च्या अखेरीस चोवीस कोटी डॉलरांचे परिवर्तनीय रोखे काढले गेले होते. मार्च २०२३ मध्ये तारण देऊन आणखी तेरा कोटी कर्ज घेतले गेले. जॉर्जियातील नव्या कारखान्याचे बांधकाम अर्ध्यावर थांबवावे लागले. या धंद्याची अडचण अशी की कारखाना निम्म्या क्षमतेने चालला की प्रत्येक किलोवर व्याजाचा आणि घसाऱ्याचा बोजा दुप्पट होतो. क्षमता भरावयाची तर मोठे ग्राहक हवेत. मोठा ग्राहक मात्र आपली यंत्रे आणि साचे नव्या प्लास्टिकला जुळवून घेण्यात, चाचण्या करण्यात दोनतीन वर्षे सहज घालवितो. सावकाराचा हप्ता तितके दिवस थांबत नाही. प्रत्येक तिमाहीला एखाद्या नामांकित कंपनीशी बोलणी चालू असल्याचे वृत्त येई, भाव चढे, आणि नामांकित नाव व नक्की मागणी यांतील फरक पुढच्या तिमाहीला कळे.

कायदा आपल्या बाजूने येणार, ही तेजीवाल्यांची शेवटची आणि सर्वात मोठी आशा होती. प्लास्टिकवर जगभर बंदी येत आहे, तेव्हा पर्यायाला मागणी येणारच, हा युक्तिवाद कोणालाही पटेल. परंतु युरोपीय संघाने २०१९ मध्ये एकदा वापरून फेकावयाच्या प्लास्टिकविरुद्ध निर्देश काढला आणि जुलै २०२१ पासून तो अमलात आला, तेव्हा कुजणारे प्लास्टिकही त्याच बंदीत सापडले. कारखान्यातील किण्वनाने तयार झालेले पीएचए नैसर्गिक पदार्थ धरता येणार नाही, असा अर्थ युरोपीय आयोगाने लावला. ज्या नळ्यांवर आणि चमच्यांवर भिस्त होती, त्यांना युरोपचे दार बंद झाले. अमेरिकेत तर साध्या प्लास्टिकच्या कचऱ्यासाठी संघराज्याचा वेगळा कर नाही. उलट खडकांतून निघणाऱ्या स्वस्त वायूमुळे ते आणखी स्वस्त झाले.

येथेच या वादातील खरे दुखणे आहे. साधे प्लास्टिक स्वस्त दिसते, कारण नद्या, समुद्र आणि कचऱ्याचे डोंगर यांचा खर्च त्याच्या भावात धरलेला नसतो. तो धरला असता तर दोघांतील अंतर पुष्कळ कमी झाले असते. समाजाने जो खर्च कराच्या रूपाने सर्वांवर वाटून घ्यावयास हवा होता, तो काही हजार लोकांनी आपल्या बचतीतून, भरघोस परताव्याच्या आशेवर उचलला. यात लबाडी गृहीत धरण्याचीही गरज नाही. इटलीतील बोलोन्या येथील बायो-ऑन या याच धंद्यातील कंपनीचे २०१९ मध्ये दिवाळे निघाले, तेव्हा तिच्या संचालकांवर फौजदारी कारवाई झाली होती. डॅनिमरसारख्या कंपनीत तसे काही घडले नाही तरी शेवट फारसा वेगळा होत नाही. दिवाळखोरीत आधी तारण असलेला सावकार, मग रोखेधारक, आणि सर्वांत शेवटी भागधारक. त्याच्यापर्यंत रांग क्वचितच पोहोचते. डॅनिमरची मालमत्ता पुढे टेकनॉर एपेक्स या दुसऱ्या प्लास्टिक कंपनीने घेतली.

नेब्रास्कात पीएलए बनविणारी नेचरवर्क्स मात्र २००२ पासून टिकून आहे. तिचा पदार्थ तुलनेने स्वस्त, हे एक कारण. दुसरे कारण मालकीचे. कारगिल ही खाजगी मालकीची धान्यकंपनी तिच्या पाठीशी आहे. डाऊने २००५ मध्ये भागीदारी सोडली, पुढे एका जपानी कंपनीनेही सोडली. २०११ मध्ये थायलंडच्या पीटीटी समूहाने निम्मा हिस्सा घेतला. इतके भागीदार आले आणि गेले, परंतु तिचा शेअर रोज बाजारात उभा नव्हता. त्यामुळे ही माघार एका दुपारी कोणाची आयुष्यभराची बचत निम्मी करून गेली नाही. ज्या धंद्याला वीस वर्षांचा धीर लागतो, तो दर तिमाहीला निकाल मागणाऱ्या बाजारात आणावा काय, हा प्रश्न छोट्या गुंतवणूकदारांच्या वादात अभावानेच आला. कंपनीला मात्र तो पडावयास हवा होता.

भारतात या धंद्याची सुरुवात साखरेच्या वाटेने होत आहे. बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील कुंभी येथे वर्षाला ७५ हजार टन पीएलएचा कारखाना जाहीर केला. खर्चाचा पहिला अंदाज दोन हजार कोटी रुपयांचा होता, तो पुढे वाढला. त्याच वर्षी त्या राज्याने जैवप्लास्टिक उद्योगाला भांडवली अनुदान देणारे धोरण आणले. जोखमीचा काही भाग सरकारने उचलावा, हे तत्त्व तेथे निदान मान्य झाले आहे. शिवाय साखर, मद्यार्क आणि वीज यांची विक्री त्या कंपनीच्या पाठीशी आहे, जी डॅनिमरपाशी नव्हती. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला जैवप्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांचे लक्ष तिकडे गेले नाही तरच नवल. मद्यार्काच्या वेळी ते गेले, सहवीजनिर्मितीच्या वेळीही गेले, आणि दोन्ही वेळा प्रकल्प मोठ्या कर्जांवर उभे राहिले. डॅनिमरच्या भागधारकाने जास्तीत जास्त आपल्या शेअरचे पैसे गमावले. सहकारी कारखान्याचा सभासद कागदोपत्री त्याच्याच इतका सुरक्षित असतो. परंतु त्याचे वर्षाचे उसाचे बिलही त्याच कारखान्याकडून यावयाचे असते, आणि कर्जाचा हप्ता थकला की पहिली कात्री त्याच बिलाला लागते.